मानेची शीर

नमस्कार श्रोतेहो. आज जनावरांचं हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्याविषयी बोलायचं आहे, म्हणजे मुख्यतः त्यांच्या नावांविषयी. नावात काय एवढं, असं वाटेल. पण एका म्हशीवर मी केवळ नावापायी भलताच इलाज सांगून बसलो होतो.

आधी दोन नावं. हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. पुस्तकात धमनी आणि शिरा असंही छापतात. मला आपल्या रोहिणी-नीलाच बऱ्या वाटतात, दोघी सख्ख्या बहिणी शोभतात. शिरा म्हटलं की डोळ्यांपुढे सत्यनारायणाचा प्रसाद येतो. असो. रोहिणी बोटाखाली उडते, नीला सहसा उडत नाही. गाई-म्हशीची नाडी आपण शेपटीच्या मुळाशी खालून बघतो, ती रोहिणी. मानेच्या पन्हळीतली जाड वाहिनी, जिथून आम्ही रक्त काढतो, सलाईन लावतो, ती नीला. पुन्हा सांगतो, शेपटीखाली रोहिणी, मानेत नीला.

आणि गावात या सगळ्याला एकच शब्द, शीर! रक्ताची ती शीर, लचकली तरी शीर, पाय बधिर झाला तरी शीरच दबली.

तर मंगळवेढ्याच्या बाजूला माझी नेमणूक होती. ज्वारीची काढणी चाललेली. एका आजींचा फोन आला, "सायेब, म्हशीच्या मानंची शीर सुजलीया. वैरणीला तोंड लावंना." त्यांची म्हैस पंढरपुरी, शिंगं पार पाठीवर गेलेली. मी म्हटलं, शिंग दाव्यात अडकून मान लचकली असणार. विचारलं, "आजी, दाव्यात अडकली होती का?" त्या म्हणाल्या, "आसंल बी." झालं! मिठाच्या गरम पाण्यानं शेका म्हणालो आणि लसीकरणाला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी गोठ्यात पाऊल टाकलं आणि दारातच थबकलो. म्हैस पाठीची कमान करून, पुढचे कोपर बाहेर काढून उभी. बसायला तयार नाही. जरा पाऊल टाकलं की कण्हायची. मानेतली नीला कासऱ्यासारखी टम्म, आणि जबड्यापर्यंत थडथड उडत होती. पुढच्या पायांच्या मधे पाणी उतरलेलं. अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला, ओल्या कणकेत राहतो तसा. डाव्या कोपरामागं नळी लावली. लब-डब ऐकू यायला हवं, तिथं अर्ध्या घागरीतलं पाणी हिंदकळावं तसा आवाज.

पोटात तार गेली होती. जनावर आधी गिळतं, मग निवांत रवंथ करतं, त्यामुळं चाऱ्यातली तार त्याला कळतच नाही. ती जाऊन बसते दुसऱ्या पोटात, जाळीत. जाळी आणि हृदय यांच्यामधे एक पातळ पडदा, बस्स. जाळी आकसते तशी तार पुढं सरकते, पडदा भेदते आणि हृदयाच्या पिशवीत घुसते. या पिशवीला हृदयावरण म्हणतात. तिच्यात पू-पाणी साचलं की हृदयाला फुलायला जागा उरत नाही, परत येणारं रक्त मानेतच तुंबतं.

चार दिवसांत म्हैस गेली. उघडून पाहिली तर बोटभर लांबीची सेंट्रिंगची तार. आदल्या वर्षी मुलानं स्लॅब टाकला होता आणि कडब्याची गंज शेजारीच. (स्लॅबवाले मिस्त्री एवढे पैसे घेतात, तारेचे तुकडे गोळा करायला त्यांचं काय जातं, मला कळलेलं नाही.) आजी पिशवीकडं बघत म्हणाल्या, "म्या तर शीरच म्हनलं हुतं, सायेब."

नीला उडायला लागल्यावर जनावर क्वचितच वाचतं. पहिल्या दिवशी गेलो असतो तरी ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण आजी तीन दिवस म्हशीची मान शेकत बसल्या होत्या.

म्हणून फोनवर नुसती शीर म्हणू नका. मानेची नीला मधोमध बोटानं दाबून बघा. बोटाच्या वर, डोक्याकडे ती फुगेल, ते बरोबर. खाली, छातीकडे मात्र रिकामी व्हायला हवी. खालीही टम्मच राहिली तर तेच सांगा, "दाबून पाहिली, रिकामी होत नाही." एवढं ऐकलं की डॉक्टर लसीकरण सोडून येतो. गाईला गिळवायचं लोहचुंबकही मिळतं, ते जाळीत बसून तार धरून ठेवतं. डॉक्टरकडूनच घालून घ्या.

वेळ संपत आली. ठोके सांगायचेच राहिले. मोठ्या गाईचे मिनिटाला साधारण 60 ते 80, वासराचे 100 च्या वर, तेव्हा वासराची नाडी बघून घाबरू नका. आणि हो, बैलाच्या हृदयात चक्क हाड असतं. ते का, हे पुढच्या वेळी. नमस्कार.