पैठणला निघा, पण सकाळीच

नमस्कार श्रोतेहो.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर. संत ज्ञानेश्वर उद्यान पाहायचं म्हणून बरीच कुटुंबं दुपारची जेवणं उरकून निघतात, हिरवळीवर बसतात आणि अंधार पडला की परत फिरतात. गाव राहूनच जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, सकाळीच निघा आणि आधी गावात शिरा.

पैठणात एकनाथांचा वाडा आहे, तेच आजचं आतलं नाथमंदिर. तिथला रांजण मुलांना जरूर दाखवा. साक्षात पांडुरंग श्रीखंड्या होऊन नाथांघरी राबला, १२ वर्षं गोदावरीच्या कावडी आणून त्यानं हा रांजण भरला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. बाहेरचं नाथमंदिर नदीकाठी आहे, तिथं समाधी. फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, नाथांनी याच गोदावरीत देह ठेवला. आजही नाथषष्ठीला दिंड्या येतात आणि अष्टमीला काल्याची हंडी फुटते. आणि याच नदीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं एक अस्पृश्य मूल नाथांनी कडेवर घेतलं, त्याच्या घरी पोचवलं. त्या काळात, कर्मठ शास्त्रीपंडितांच्या पैठणात! नदीकाठी उभं राहून ही गोष्ट सांगा. मुलं विसरणार नाहीत.

मग पैठणीचे माग. नुसतं दुकान नको, माग चालू असताना बघा. पदरावरच्या मोराचा एकेक रंग छोट्या कांडीवरून हातानं भरला जातो, म्हणून एका पदराला कितीतरी दिवस लागतात. साडी घ्यायची असेल तर पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

ऊन उतरलं की धरणाकडे वळा. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली धरण पूर्ण झालं. मातीची भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. पलीकडे पसरलेला तो नाथसागर. संभाजीनगर, जालना हेच पाणी पितात. पण या पाण्याखाली लोकांची घरं आणि काळीभोर शेतं गेली आहेत, १०० हून अधिक गावांना विस्थापनाची झळ बसली. हेही त्याच वेळी सांगावं, असं मला मनापासून वाटतं. थंडीत गेलात तर दुर्बीण घ्या, रोहित आणि चक्रवाक येतात. १९८६पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

धरणाच्या पायथ्याशी उद्यान आहे, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर उभारलेलं, १०० हेक्टरांहून मोठं. मधली कित्येक वर्षं त्याची फार आबाळ झाली. कारंजी बंद, झाडं वाळलेली. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथं डोळ्यांना दिसत होती. ही बाग मराठवाड्याच्या हक्काची आहे, ती नीट राखली गेलीच पाहिजे. म्हणून निघण्याआधी काय खुलं आहे याची चौकशी करा. बंद असेल, तर तसं लेखी विचारा, उत्तर मागा. आणि तरीही पैठणला जा. वाडा, नदी आणि माग पाहण्यातच दिवस भरगच्च जाईल.

नमस्कार.