मागच्या सीटवरची बिनतारी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर न्यूयॉर्क ते टोकियो असा एक दोरा ताणून बघा. आपल्याला वाटतं, अमेरिका आडवी ओलांडायची आणि पुढे पॅसिफिक. दोरा मात्र वर सरकतो. कॅनडाच्या माथ्यावरून, अलास्कावरून, सैबेरियाच्या कडेकडेने खाली जपानात उतरतो. जवळची वाट ती.

१९३१च्या जुलैअखेरीला या वाटेने एक नवराबायको निघाले. चार्ल्स आणि ॲन लिंडबर्ग. विमान एका इंजिनाचं, सीट दोन, एकामागे एक. आणि सांगितलं काय, तर सुट्टीवर चाललोय! विक्रम करायचा नाही, कुणाचा निरोप पोचवायचा नाही. आता यातलं सगळंच काही खरं धरायला नको. चार्ल्स पॅन अमेरिकन या विमान कंपनीचा तांत्रिक सल्लागार होता, आणि उत्तरेकडून आशियाला विमानं नेता येतील का, हे त्या कंपनीला हवंच होतं. पण दोघांना जायची हौस होती, तीही खरी.

चार्ल्सला तेव्हा सगळं जग ओळखत होतं. १९२७ साली साडेतेहेतीस तासांत एकट्याने न्यूयॉर्कहून पॅरिस गाठणारा तो हाच. ॲन पंचवीस वर्षांची. वर्षाचं मूल आजीआजोबांकडे ठेवून निघालेली. मला आज बोलायचंय ते तिच्याविषयी, कारण या प्रवासाची गोष्ट नेहमी पुढच्या सीटवरून सांगितली जाते.

विमान होतं लॉकहीड सिरियस. त्याची चाकं काढून खाली फ्लोट बसवले होते, म्हणजे पाण्यावर उतरता यावं. कारण साधं आहे. त्या भागात धावपट्टी कुठली असायला? पण तळी, नद्या, खाड्या म्हणाल तितक्या. फक्त वर्षातले बहुतेक महिने ते सगळं पाणी गोठलेलं. मोकळं पाणी मिळणार ते उन्हाळ्याचे जेमतेम काही आठवडे. शिवाय चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या त्याच बाजूला, म्हणून होकायंत्रावर भरवसा टाकायची सोय नाही.

निघताना वार्ताहरांची ही गर्दी. पुरुष वार्ताहर चार्ल्सला इंजिनाचं, इंधनाचं विचारताहेत आणि ॲनला प्रश्न काय, तर कपडे कोणते घेतले, जेवणाचे डबे विमानात कुठे ठेवणार! पुढे ओटावात कॅनडातले जाणते वैमानिक भेटले. मार्ग ऐकून एकजण म्हणाला, मी काही माझ्या बायकोला त्या मुलखातून नेणार नाही. चार्ल्सने शांतपणे सांगितलं, ती क्रू आहे, हे लक्षात असू द्या. हा किस्सा ॲननेच लिहून ठेवलाय, आणि लिहिताना तिला बरं वाटलं असणार.

क्रू म्हणजे नेमकं काय करायची ती? बिनतारी यंत्र तिच्याकडे. त्यासाठी ती मोर्स, म्हणजे टिपटिपीची सांकेतिक लिपी, शिकली, यंत्राची तत्त्वं शिकली, परीक्षा देऊन ऑपरेटरचा थर्ड क्लास परवाना मिळवला. ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, फर्स्ट क्लास परवाना तर तिच्याकडे आधीच होता, आणि अमेरिकेत तो मिळवणारी ती पहिलीच बाई. आता विमानातलं काम बघा. आधी अँटेना सोडायची. म्हणजे टोकाला वजन बांधलेली लांब तार रिळावरून उलगडत विमानाच्या पोटाखाली लोंबती ठेवायची. मग ज्या लहरीवर बोलायचं तिची कॉइल बसवायची. लहर बदलली की कॉइलही बदलायची. कानात इंजिनाची घरघर, खरखर, आणि त्यातून टिपटिप निवडायची, गुडघ्यावरच्या पॅडवर उतरवायची. आणि उतरायच्या आधी ती तार गुंडाळून घ्यायची, नाहीतर पाण्याला लागून तुटलीच. आम्ही रेडिओवाले काचेमागच्या खोलीत बसून 'आवाज नीट येतोय ना' विचारतो, तेव्हा मला ही बाई आठवते.

ओटावाहून मूस फॅक्टरी. या गावात हडसन्स बे या फरव्यापारी कंपनीचं ठाणं सतराव्या शतकापासूनचं. मग चर्चिल, बेकर लेक, आणि मॅकेंझी नदीच्या मुखापाशी अक्लाविक. तिथून पॉइंट बॅरो, अलास्काचं उत्तर टोक. बॅरोचा बिनतारी ऑपरेटर हवेची खबर देत होता, ती मागच्या सीटवर उतरत होती आणि पुढे चिठ्ठीने जात होती. बॅरोची वर्षाची रसद आणणारी बोट बर्फाने वाटेत अडवून धरलेली, शिधा संपत आलेला. तरी गावाने पाहुण्यांना साग्रसंगीत जेवू घातलं. पाहुणचाराच्या बाबतीत सगळीकडची खेडी सारखीच म्हणायची.

तिथून अलास्कातल्याच नोमला निघाले आणि रात्रीने गाठलं. इतके दिवस ध्रुवाकडे काळोख असा नव्हताच. दक्षिणेला वळले तसा तो समोरून आला. शेवटी शिश्मारेफजवळच्या उथळ पाण्यात उतरून विमानातच रात्र काढली.

खरी परीक्षा पुढे रशियातलं कामचाटका सोडून जपानकडे निघाल्यावर झाली. कुरील बेटांवर धुकं इतकं दाट, की त्यातून नुसती ज्वालामुखींची शिखरं वर आलेली. चार्ल्स फट शोधून डोंगराच्या उतारालगत खाली सूर मारायचा, खाली पाणी दिसेना की परत वर. मागे ॲन घाबरलेली होती. तिने ते लपवलेलं नाही. पण हात बिनतारीच्या बटणावर. अँटेना गुंडाळतोय, उतरतोय, एवढं तिने कळवलं आणि ती तार आत घेतली. केतोई बेटापाशी उघड्या समुद्रात ते उतरले. ते कुठे आहेत हे जपानी केंद्राला कळलेलं असल्यामुळे जपानी जहाज मदतीला पोचलं. तो निरोप गेला नसता तर कुठल्या बेटापासून शोध सुरू करायचा होता?

जपानहून ते पुढे चीनला गेले. तिथे यांगत्से नदीला महापूर आला होता. विमानातून पूरक्षेत्राची पाहणी करायचं काम दोघांनी अंगावर घेतलं. नदीकाठच्या हँको शहरापाशी विमानवाहू ब्रिटिश जहाजावरून नदीत सोडताना प्रवाहाने विमान उलटलं, दोघांनी पाण्यात उड्या मारल्या. तेवढ्यात ॲनचे वडील गेल्याची तार आली, आणि प्रवास तिथेच संपला.

विमान दुरुस्त झालं. १९३३ साली याच विमानातून ते ग्रीनलंडमार्गे अटलांटिकभोवती फिरून आले. मधल्या काळात, १९३२ साली, त्यांच्या बाळाचं अपहरण आणि खून झाला होता. तरीही ॲन मागच्या सीटवर बसली, बटणावर हात ठेवून. १९३४ साली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने तिला हबर्ड पदक दिलं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. चार्ल्सला ते आधीच मिळालेलं होतं.