कूलर कमी करा, मग सुरू करू

(दृश्य: मानेवाड्यातलं घर. मे महिना, दुपारचे चार. खिडकीत कूलर.)

ऑटिझम असलेल्या मुलाला घरी शिकवायला आलेली थेरपिस्ट आल्याआल्या आधी कूलर मंद करायला सांगते. नागपूरच्या मे महिन्यात तो बंद करा म्हणायची सोय नाही. पण त्याच्या घरघरीत सूचना विरली, तर मुलाला समजलं नाही की ऐकूच आलं नाही, हे कळत नाही.

अशा मुलाची घरी वर्तन-थेरपी सुरू होते, तेव्हा पहिले काही दिवस शिकवणं जवळपास नसतंच. शेजारी बसायचं, आवडीची वस्तू द्यायची, बदल्यात काही मागायचं नाही. आल्याबरोबर "रंग सांग, आकडे म्हण" लावलं, तर दुसऱ्या दिवशी बेल वाजताच मूल पलंगाखाली जातं.

(दृश्य: सतरंजीवर मुरमुऱ्यांची वाटी, मुरमुऱ्यांचं चित्रकार्ड.)

न बोलणाऱ्या मुलाला मागायला शिकवायचं, तर सुरुवातीला माणसं दोन लागतात. एक समोर, मुरमुरे घेऊन; एक मागे, गप्प. मुलाने वाटीकडे हात नेला, की मागची तो हात कार्डाकडे वळवते आणि कार्ड समोरचीच्या तळहातावर ठेववते. समोरची त्याच क्षणी "मुरमुरे!" म्हणते आणि चार-पाच दाणे देते. मूठभर दिले, तर पुन्हा मागायची गरजच उरत नाही. मग मदत कमी करत न्यायची: आधी हात धरून, मग मनगटाला स्पर्श, मग नुसता कोपराला, मग काहीच नाही. यात उशीर झाला, की कोणी हात धरेल म्हणून मूल वाट बघत बसतं. "काय पाहिजे तुला?" हेही विचारायचं नाही, नाहीतर विचारल्याशिवाय ते मागत नाही. या सरावासाठी पाणी मात्र अडवून धरू नये. उन्हाळ्यात तर नाहीच.

बहुतेक घरांत गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. सेशनसाठी राखलेले मुरमुरे दुपारी आजीने खाऊ घातलेले असतात. आजीला बोल लावून उपयोग नाही. तिला द्यायला दुसरा खाऊ ठरवून द्यावा, आणि कार्ड घ्यायला समोर बसायची पाळीही तिला द्यावी.

(दृश्य: नोंदवहीचं पान.)

"आज खूप चिडला" ही नोंद बिनकामाची. "५.१० ला टीव्ही बंद केला; ४० सेकंद ओरडला; टीव्ही परत लावला" ही कामाची, कारण ओरडून काय मिळालं ते शेवटच्या तुकड्यात दिसतं. अशा वागण्यामागे कारण असतं: वस्तू हवी असते, लक्ष हवं असतं, काम टाळायचं असतं, किंवा ती क्रियाच शरीराला बरी वाटते. काम टाळणाऱ्याला शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवलं, तर त्याला हवं तेच मिळालं की! ओरडणं अचानक सुरू झालं असेल, तर आधी दात, कान, पोट डॉक्टरांना दाखवावं.

टीव्हीचं कार्ड द्यायला आधी शिकवायचं. मगच ओरडण्यावर टीव्ही लावणं थांबवायचं. तेव्हा ओरडणं कमी होण्याआधी वाढू शकतं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी वैतागून रिमोट दाबला, तर मूल आणखी जोरात, आणखी वेळ ओरडायला शिकतं. घरात एकमत नसेल, तर हे सुरूच करू नये. डोकं आपटत असेल, तर मात्र दुर्लक्ष नाही. न बोलता मध्ये उशी धरायची.

हात फडफडवणं, झुलणं यांनी इजा होत नसेल, तर राहू द्यावं. "माझ्या डोळ्यांत बघ" हा हट्टही सोडावा.

(दृश्य: मारबतीची मिरवणूक.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची ढोलताशांतली मिरवणूक, निघते. महाल-इतवारीतल्या घरांनी तयारी बरीच आधी धरावी: ढोलताशांचं रेकॉर्डिंग अगदी हळू, सोबत आवडता खेळ, मुलाने कान झाकले, की आवाज खाली.

(दृश्य: पुन्हा सतरंजी. कार्ड घ्यायला आता आई.)

सेशनची शेवटची वीस मिनिटं आईची. मग बाबा, आजी, आणि पुढे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं: कार्ड हातात पडलं, की लगेच पुडा द्या, "काय पाहिजे बाळा?" विचारू नका.