खोडल्यावर उरतं ते

[पडदाभर कोर्टाचा कागद]

परिच्छेदांना आकडे. ओळीओळीला 'वादी', 'प्रतिवादी', 'सदर'. आणि त्यावरून एकाखाली एक ओढलेले जाड काळे पट्टे. सरकार असे पट्टे ओढतं ते काहीतरी दडवायला. हे मात्र एका कवीने ओढलेत. रेजिनाल्ड ड्वेन बेट्स.

कागद आहे अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एका दाव्याचा. २०१६ साली तिथे पोलिसांनी एका तरुण आईला पकडलं. परवाना वैध नसताना गाडी चालवली, एवढंच. जामीन ठरला २,५०० डॉलर. भरलेत तर घरी, नाही तर कोठडी. मराठीत अशांना 'कच्चे कैदी' म्हणतात. कच्चा असतो तो खटला. माणूस मात्र पुरता आत.

सिव्हिल राइट्स कोर ही वकिलांची संस्था अशा लोकांच्या बाजूने उभी राहिली. बेट्स यांनी ह्यूस्टन, अलाबामा, मिसूरी, कॅलिफोर्निया इथल्या दाव्यांचे कागद घेतले आणि ते खोडत गेले. नुसतं खोडत. वकिलाला काही गाळून चालत नाही, कवीला बरंच गाळावं लागतं. बेट्स दोन्ही आहेत. कायदेशीर पाल्हाळ काळ्याखाली गेला, आणि मधल्या फटींतून एक बाई बोलायला लागली.

[बेट्स यांचं छायाचित्र]

सोळाव्या वर्षी पिस्तूल दाखवून गाडी पळवली म्हणून त्यांनी व्हर्जिनियाच्या तुरुंगांत आठ वर्षांहून जास्त काढली. गुन्हा केला होता, ते नाकारत नाहीत. एकांतकोठडीत असताना कुणीतरी दाराखालून कवितांचं एक पुस्तक आत सरकवलं. कुणी, ते कळलं नाही. पुढे येल विद्यापीठात शिकून ते वकील झाले.

[न्यूयॉर्क, मोमा पीएस वन हे कलासंग्रहालय, २०१९ चं प्रदर्शन]

चित्रकार टायटस काफार यांनी कैद्यांचे चेहरे बारीक रेघांत कोरले आणि त्यावरच या कविता छापल्या. जवळ जा, अक्षरं वाचता येतात. दोन पावलं मागे या, पट्ट्यांआडून डोळे दिसतात.

ह्यूस्टनची ती जामिनाची पद्धत संघीय न्यायाधीश ली रोझेंथाल यांनी २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यात कवितेचा हात नव्हता, ते वकिलांचं काम.

प्रदर्शनासाठी बेट्स आणि काफार यांनी एक टंकही, म्हणजे फाँट, करवून घेतला. पायरीपायरीने अक्षरांच्या कडा झिजत जातात, जणू झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. तो कुणालाही फुकट मिळतो.