ब्लॅक सॅबथची वगळलेली वर्षं

(कुडाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचं नाव घेतलं की चार नावं पुढे येतात. गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बर्न. बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतली ही पोरं १९६८ साली एकत्र आली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. २००६ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा समावेश झाला, तोही या चौघांच्याच नावानं. त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण जरा हिशेब मांडून बघा. १९७९ साली ऑझीला काढलं, तोवर आठ स्टुडिओ अल्बम झाले होते. त्यानंतर १९९५ पर्यंत ऑझीशिवाय दहा झाले. म्हणजे या बँडच्या कामातला निम्म्याहून मोठा वाटा आपण ‘मधला काळ’ म्हणून बाजूला सारतो. आज मला त्या दहांबद्दल बोलायचं आहे.

अठराही अल्बमांवर असलेला माणूस एकच, आयोमी. त्याच्या हाताची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. तिथल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो त्या काळातला अव्वल गिटारवादक होता. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. गिटारला पातळ तारा हव्या होत्या, त्या मिळेनात, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांत त्यानं सूर तीन अर्धस्वरांनी उतरवला. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं झालं, आणि आवाज असा जड झाला की पुढच्या पन्नास वर्षांतले मेटलवाले त्याच वाटेनं गेले. हा हात जिथे, तिथे सॅबथ, असं मी मानतो.

यावर लगेच विचारलं जातं, गायक बदलल्यावर बँड तोच कसा राहील? हा प्रश्न आपल्या तळकोकणात तरी पडू नये. जत्रांचा हंगाम जवळ आला की दशावतारातला कोण कुठल्या मंडळात गेला याची बाजारात चर्चा असते. ‘औंदा राजा कोण करता?’ असं विचारून माणसं नाटकाला जातात. राजा बदलला म्हणून मंडळ खोटं ठरत नाही. पखवाजावरचा हात बदलला, तर मात्र जाणत्याला बसल्या जागी कळतं.

सॅबथमध्ये हेच घडलं. ऑझी गेल्याचा गाजावाजा झाला, पण मला विचाराल तर बँडची चाल खऱ्या अर्थानं बदलली ती ऑगस्ट १९८० मध्ये, दौरा अर्धवट सोडून बिल वॉर्ड गेला तेव्हा. वॉर्ड जीन क्रूपाचं ड्रमवादन ऐकत वाढलेला, जॅझवर पोसलेला. तो रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला, झुलवायचा, कधी मागे राहायचा, कधी पुढे धावायचा. त्याच्या जागी आलेला विनी अ‍ॅपिसी उत्तम वादक आहे. पण त्याचा ठोका सरळ आणि ठाम. गाणी तीच, झोका गेला.

गायक बदलल्यानं मात्र फायदा झाला. रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० साली ‘हेवन अँड हेल’ निघाला. ऑझीची चाल बऱ्याचदा गिटारच्या रिफच्या पावलावर पाऊल टाकत जायची. डिओ रिफवरून आडवा, स्वतःच्या वाटेनं गायचा. त्यामुळे आयोमीला गायकाच्या खाली वेगळे स्वर मांडायला मोकळीक मिळाली. नंतर जाहीर कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाच्या मिक्सिंगवरून वाद झाला आणि १९८२ साली डिओ आणि अ‍ॅपिसी दोघंही गेले. डीप पर्पल या बँडचा गायक इयन गिलन १९८३ साली एका अल्बमपुरता आला. १९८६ चा अल्बम तर आयोमीनं स्वतःच्या नावानं करायला घेतला होता. कंपनीनं त्यावर सॅबथचं नाव चढवलं. तेव्हा मूळ चौघांपैकी तो एकटा उरला होता.

आणि इथे येतो टोनी मार्टिन. याच माणसासाठी मी हा विषय घेतला. बर्मिंगहॅमचाच गायक. १९८७ च्या ‘द इटर्नल आयडॉल’साठी रे गिलन नावाच्या दुसऱ्याच गायकानं गाणी गाऊन ठेवली होती, पण तो बँड सोडून गेला. मार्टिननं तयार चालींवर ती सगळी पुन्हा गायली. दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवून पदार्पण करायचं, आणि ते त्यानं निभावलं. १९८९ च्या ‘हेडलेस क्रॉस’मध्ये मात्र तो मोकळा झाला. शब्द त्याचे, ड्रमवर कोझी पॉवेल, एका गाण्यात क्वीन या बँडच्या ब्रायन मेचा गिटार सोलो. पॉवेलचा ठोका मंदिराच्या नगाऱ्यासारखा भरीव, आणि त्यावर मार्टिनचा उंच चढणारा आवाज. हा अल्बम मी सॅबथच्या पहिल्या पाचांत धरतो, आणि यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे.

मार्टिननं सॅबथसाठी पाच स्टुडिओ अल्बम गायले, डिओनं तीन. तरी १९९१ मध्ये डिओला परत आणायचं ठरलं तेव्हा मार्टिनला बाजूला केलं. त्यातच पॉवेलच्या अंगावर त्याचा घोडा कोसळला, कंबरेचं हाड मोडलं, आणि अ‍ॅपिसी परतला. १९९२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात ऑझीच्या कार्यक्रमाआधी वाजवायला डिओनं नकार दिला, तेव्हा जूडास प्रीस्ट या बँडचा रॉब हॅलफर्ड दोन रात्री गायला. मग पुन्हा मार्टिन. १९९७ साली मूळ चौघं एकत्र आले आणि तो कायमचा बाहेर गेला. त्याचे अल्बम कित्येक वर्षं बाजारात मिळतच नव्हते. २०२४ साली त्यातल्या चारांचा संच निघाला, त्यात ‘फॉरबिडन’ हा अल्बम आयोमीनं नव्यानं मिक्स केला.

पडद्याआडचा जेफ निकल्सही विसरू नका. १९७९ पासून पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं कीबोर्ड त्याचे, आणि बऱ्याच कार्यक्रमांत तो प्रेक्षकांना दिसायचाही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २०१२ साली कराराच्या अटींवरून वॉर्ड पुन्हा बाहेर राहिला, २०१३ च्या अल्बमवर आणि २०१६-१७ च्या निरोपाच्या दौऱ्यात ड्रमवर दुसरेच होते. ५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानात चौघं शेवटचे एकत्र वाजले. २२ जुलैला ऑझी गेला.

आता ऐकू या. ‘द इटर्नल आयडॉल’च्या २०१० च्या आवृत्तीत रे गिलननं गायलेली मूळ गाणीही दिली आहेत. पहिलं गाणं ‘द शायनिंग’ मी दोनदा लावतो, आधी गिलनचं, मग मार्टिनचं. वाद्यं जवळपास तीच आहेत. लक्ष फक्त एका गोष्टीकडे द्या: आयोमीचा रिफ सुरू झाल्यावर प्रत्येक गायक त्यात कुठून शिरतो.