लवकर पोचल्याचा दंड

नमस्कार मंडळी. बाहेर बोर्डावर ‘मोटरसायकल रेसचे अनुभव’ असं लिहिलंय, तिथूनच सुरू करतो, कारण ती रेस नव्हती. डिसेंबरातल्या एका रविवारी मी जी स्पर्धा केली तिला ट्रायल म्हणतात, लांब पल्ल्याची ट्रायल, आणि तिच्यात सगळ्यात आधी पोचणाऱ्याला बक्षीस नसतं, उलट त्यालाच जास्त दंड बसतो. हे मी नियमावलीत वाचलं होतं, पण वाचून कळणं वेगळं आणि कणकुंबीत दंडाचे ९४ पॉईंट पदरात पडल्यावर कळणं वेगळं. समोर बरीच कॉलेजची पोरं बसलीत म्हणून हे आधी सांगून टाकतो.

स्पर्धा कशी असते बघा. सकाळी एकेका मिनिटानं एकेक गाडी सोडतात. हातात रोडबुक देतात, त्यात वाट असते आणि कुठल्या टप्प्यात किती सरासरी वेग ठेवायचा ते लिहिलेलं असतं. समजा ताशी ३६ किलोमीटर, तर ३६०० ला ३६ नं भागा, १०० येतात, म्हणजे एक किलोमीटर बरोबर १०० सेकंदात कापायचा. वेग ४० असला तर ९० सेकंद, ३० असला तर १२०. आता वाटेत कुठंतरी वळणाआड, झाडामागं लोक घड्याळ घेऊन बसलेले असतात, त्याला कंट्रोल म्हणतात, त्यांची जागा कुणाला माहीत नसते. तिथं तुमची जी वेळ निघते त्याच्या एक सेकंद उशिरा गेलात तर १ पॉईंट दंड, एक सेकंद लवकर गेलात तर २. आमच्या स्पर्धेत तरी असा हिशोब होता. कंट्रोल दिसला म्हणून अलीकडं थांबून वेळ काढायची पण सोय नाही, त्याला वेगळा दंड. शेवटी ज्याचे पॉईंट कमी तो वर.

ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडात १९०१ साली मोटर सायकलिंग क्लब नावाचा क्लब निघाला, त्यांची लंडन ते एडिंबरा ट्रायल १९०४ ची, लँड्स एंडची १९०८ ची, एक्सेटरची १९१०ची, आणि त्या तिन्ही अजून भरतात. त्या काळात गाडी चामड्याच्या पट्ट्यावर चालायची, पट्टा तुटायचा, प्लग काळे व्हायचे, तेव्हा गाडी रात्रभर चालून मुक्कामाला पोचती का हेच बघायचं होतं म्हणून ट्रायल. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तिथं रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी २० मैल होती, म्हणजे आपले ३२ किलोमीटर, मग भर रस्त्यात शर्यत लावणार कशी? म्हणून वेळेवर पोचायची स्पर्धा लावली. आपल्याकडं पण मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावणं गुन्हा आहे. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला रोडवर रविवारी सकाळी जे चालतंय ते तुम्हाला माहीत आहे आणि त्यात गेलेली पोरं पण तुम्हाला माहीत आहेत, मी नावं घेत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. तिथं क्रँकशाफ्टचं माप मायक्रॉनमध्ये बघायचं, त्यामुळं हे सेकंदाचं प्रकरण मला पहिल्यापासून आवडलं. रोडबुक ठेवायचा डबा विकत मिळतो, पण मी घरी केला. वायरिंगचा प्लास्टिकचा चौकोनी जंक्शन बॉक्स घेतला, त्यात पितळेचे दोन रॉड टर्न करून बसवले, वर पारदर्शक पत्रा लावला. रोडबुकची पानं एकाखाली एक चिकटवून लांबच लांब पट्टी करायची आणि ती त्या दोन रॉडवर गुंडाळायची, डाव्या हाताच्या बोटानं खटका फिरवला की पट्टी पुढं सरकते. पट्टीवर एकेका वळणाचं चित्र असतं, खाली टिंब म्हणजे तुम्ही जिथून येताय ती बाजू, बाण म्हणजे जायचं तिकडं, बाकीच्या रेषा म्हणजे न घ्यायच्या वाटा. बेंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला, त्यालाही अशीच पट्टी सरकवत वाळवंटात वाट काढावी लागली होती. तो डबा हँडलवर चढवला त्या रात्री मी दोनदा उठून बघून आलो.

पहाटे साडेपाचला जमलो, ३८ गाड्या. धुकं एवढं की हेल्मेटची काच आतून बाहेरून दोन्हीकडून ओली. माझा नंबर २२, म्हणजे पहिल्या गाडीनंतर २१ मिनिटांनी. पिरनवाडी सोडल्यावर पहिला टप्पा फक्त मीटर जुळवायचा. आयोजकांनी रस्ता मोजलेला असतो आणि तुमच्या गाडीचं मीटर त्यांच्याशी जुळत नाही, कारण टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त दाखवतं. किणयेच्या पुढं एका दगडावर त्यांचे १० किलोमीटर झाले, माझ्या मीटरवर १०.३ होते. ३०० मीटरचा फरक. ताशी ३६ नं सेकंदाला १० मीटर जातात, म्हणजे दर १० किलोमीटरला ३० सेकंदांची चूक. ती दिवसभर मनात वजा करत जायची. मी टाकीवर टेप लावून त्यावर आदल्या दिवशी कोष्टक लिहिलं होतं, त्यातली ३ टक्क्यांची ओळ पेनानं गोल केली.

कुसमळीच्या पुलावर मलप्रभेतून वाफ निघत होती. जांबोटीपर्यंत सगळं बरोबर चाललं, १ सेकंद, २ सेकंद एवढाच फरक, आणि मला वाटलं जमलं की. जांबोटी सोडल्यावर दोन्ही बाजूला झाडी, धुकं वर उचललेलं, रस्ता मोकळा, आणि माझ्या पुढं २१ नंबरवाला दिसायला लागला. आता तो दिसतोय म्हणजे काय, एक तर तो उशिरा आहे नाहीतर मी लवकर आहे, एवढा साधा विचार करायला पाहिजे होता. मी केला नाही, मी त्याची लाल बत्ती बघत राहिलो. पट्टीवर बारीक अक्षरात वेग बदलला होता, ४० चा ३२. नव्वद सेकंदांचा किलोमीटर आता ११२.५ सेकंदांचा झाला होता, आणि ती ओळ वरच्या रॉडखाली गुंडाळून गेली ती मी बघितलीच नाही. कणकुंबीच्या अलीकडं एका करवंदीच्या जाळीमागं पिवळं जाकीट दिसलं. ४७ सेकंद लवकर. दुप्पट करून ९४. नंतर हिशोब केला तर वेग बदलल्यापासून मी दोन किलोमीटर आणि वर थोडं एवढंच चुकीच्या वेगानं गेलो होतो.

कणकुंबीला दहा मिनिटं विसावा होता. माउलीच्या देवळाच्या बाजूला गाडी लावली, मलप्रभा हितंच उगवते. एक आजी विचारायला लागल्या, पळत आलासा न्हवं, मग पयला नंबर तुमचाच की? मी सांगितलं आजी, पळत आलो म्हणूनच गेला. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, मग जरा दमानं जा की बाळा, चा घे आदी. चहा घेतला. परत येताना घाटरस्त्यावरचा तो कन्नड बोर्ड, ‘निधानवागि चलिसि’, सावकाश चालवा, आम्ही लहानपणापासून वाचतो, आमच्या कारखान्यातला कन्नड सोबती तर लेथवर घाई केली की निधान, निधान म्हणतो. त्या दिवशी तो बोर्ड मी पुरता वाचला.

हब्बनहट्टीजवळ दुसरा प्रकार होता, पाय न टेकता चढायचं. ६० मीटरची बैलगाडीची चाकोरी, मध्ये उघडे पडलेले चिऱ्याचे दगड, मुळं, आणि रात्रीच्या दवानं लाल माती साबणासारखी झालेली. पाय टेकला तर ३०, गाडी बंद पडली तर ६०. मागच्या टायरची हवा मी १८ पर्यंत उतरवली, पुढच्याला हात लावला नाही, कारण माझ्या गाडीचं मीटर पुढच्या चाकावर चालतं आणि तिथली हवा कमी केली की परत सगळं कोष्टक चुकणार. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे ढिले, पहिला गिअर, क्लचवर एकच बोट. दगडाकडं बघायचं नाही, दगडाकडं बघितलं की चाक दगडाकडंच जातं, पलीकडची रिकामी जागा बघायची. मध्यावर एक चिरा होता वीतभर उंच, त्याचा कोपरा गाड्या जाऊन जाऊन घासलेला आणि ताजा पिवळट लाल दिसत होता. पुढचं चाक चढलं, मागचं एका जागी फिरायला लागलं, माती माझ्या पाठीवर उडाली. सवयीनं ॲक्सिलरेटर वाढवायला हात वळत होता, मी तो उलटा सोडला. इंजिनाचा आवाज खाली आला, धप धप धप असा, टायरनं दगड पकडला आणि गाडी हळू वर सरकली. उजवा बूट हवेत उचलला गेला होता पण जमिनीला लागला नाही. मार्शल पोरगी वाकून बघत होती, तिनं हात वर करून शून्य दाखवला. त्या शून्याचा आनंद मला आजपण सांगता येत नाही.

खानापुरात जेवण झालं, बाकी तिथलं काही विशेष नाही. नंदगड ओलांडून हलशीच्या दिशेनं जाताना क्लचची केबल तुटली, लिव्हर एकदम हातात ढिली आली. अनगोळच्या आमच्या मिस्त्रींनी मला आधी सांगून ठेवलं होतं, केबल पिशवीत ठेवून काय उपयोग, जुनीच्या बाजूनं आत्ताच ओवून ठेव. तशी मी दुसरी केबल टाकीखालून ओवून टाय मारून ठेवली होती, फक्त दोन्ही टोकं अडकवायची. तरी ६ मिनिटं गेली, कारण हात थरथरत होते आणि खालचं टोक गरम इंजिनाजवळ.

आणि खरं सांगायचं ते इथं आहे. गाडी चालू झाली तेव्हा मी ६ मिनिटं मागं होतो आणि पुढं दोन गुप्त कंट्रोल असणार हे साधारण कळत होतं. जोरात गेलो असतो तर बरंचसं भरून निघालं असतं, गाडीत ताकद होती, रस्ता डांबरी होता. पण भाताची मळणी चालली होती, अर्ध्या रस्त्यावर भात पसरलेलं, बाया सूप घेऊन वारं देत उभ्या, पोरं पिंजरात लोळत होती, आणि उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर समोरून. मी रोडबुकात लिहिलेल्या वेगानंच गेलो. दोन्ही कंट्रोलवर मिळून ७०० च्या वर पॉईंट बसले. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, हेल्मेटच्या आत मी स्वतःशी बोलत होतो. तरी एका ठिकाणी भाताच्या बाजूनं हळू गेलो तेव्हा एका बाईनं पदरानं तोंड पुसत हात केला, आणि मी पण हात केला.

पुढच्या टप्प्याला वेळ नव्यानं लावून देतात, ते बरं असतं. देसूरकडून परत येताना शेवटचे तीन कंट्रोल मला १, ० आणि २ असे गेले. ३८ पैकी ३१ जण पोचले, त्यात मी १९ वा. जिंकलेला मुलगा चिकोडीकडचा, त्याचा दिवसभराचा दंड ५८, मी त्याची पट्टी मागून बघितली, प्रत्येक वेगबदलावर त्यानं लाल रेघ मारून बाजूला सेकंद लिहिलेले होते. माझी कोरीच होती.

ती पट्टी आणि तो डबा मी आणलाय, टेबलावर ठेवलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी नंतर येऊन रॉड फिरवून बघा, फक्त सावकाश फिरवा, हलशीजवळ ग्रीसचा हात लागून कागद नरम झालाय. जांबोटीनंतरची ती बारीक ओळ पण सापडेल, ४० चा ३२, तिला मी आता लाल रेघ मारलीय.