साठ दिवसांचं घड्याळ: अमेरिकेत नोकरी गेली, आता इन्शुरन्सचं काय?

हे पत्र बघा. तीन पानी, बारीक टाइप, आणि दुसऱ्या पानावर एक आकडा आहे, दोन हजार एकशे काहीतरी डॉलर, तोही महिन्याला. ७ फेब्रुवारी २०२३ ला हे आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी आलं. नवऱ्याची नोकरी जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते, मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, मला काम करायची परवानगी नव्हती, मुलगी पाच वर्षांची, आणि नवऱ्याला शुगर आहे, त्याच्या गोळ्या महिन्याभराच्याच उरल्या होत्या.

या पत्राला इथे सगळे कोब्रा म्हणतात. सापाचा काही संबंध नाही, कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. नोकरी गेली तरी कंपनीचाच इन्शुरन्स बहुतेक वेळा अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, फक्त आधी कंपनी जो मोठा वाटा भरत होती तो आता तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के प्रशासनाचा खर्च म्हणून. म्हणजे पगार बंद झाला त्याच महिन्यात इन्शुरन्सचं बिल चौपट-पाचपट.

आणि आपल्यातले बरेच जण इथेच थांबतात. एकतर कोब्रा भरायचं, नाहीतर देवाचं नाव घेऊन तसंच राहायचं, मुलांना पडू नको, आजारी पडू नको म्हणत. आम्हीपण तेच करणार होतो. मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेल्या एका ताईंचा फोन आला म्हणून वाचलो, त्या म्हणाल्या, अगं मार्केटप्लेस बघितलंस का? मी म्हटलं ते तर सिटिझन लोकांचं असतं ना, गरिबांचं. त्या म्हणाल्या, कोणी सांगितलं तुला?

तेच आज सांगायचंय. कारण त्या वेळी आमचा जो समज होता तो चुकीचा होता, आणि आता २०२६ मध्ये नियम असे बदललेत की उद्या तुमची नोकरी गेली तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती असायला लागेल.

थोडं मागे जाऊ. २३ मार्च २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका कायद्यावर सही केली, लोक त्याला ओबामाकेअर म्हणतात, आणि हे मार्केटप्लेस, म्हणजे स्वतःहून इन्शुरन्स विकत घ्यायची जागा, त्यातूनच आलं. त्याआधी नोकरीतून इन्शुरन्स मिळत नसेल आणि तुम्हाला शुगर, दमा, कॅन्सर असं काही असेल तर बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नाही म्हणू शकायची. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्येच वेगळा मार्ग काढला होता, तोच नमुना देशाने उचलला. १ ऑक्टोबर २०१३ ला मार्केटप्लेसची हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी कोलमडली, लाखो लोक आले आणि त्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. आज तीच व्यवस्था इतकी मोठी आहे की २०२५ साठी तिच्यातून २ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी प्लॅन घेतले.

मार्केटप्लेस म्हणजे सरकारी इन्शुरन्स नाही हां. हा गोंधळ फार होतो. ती मंडई आहे, विकणाऱ्या कंपन्या खाजगीच, पण मंडईत बसायचं तर सरकारचे नियम पाळायचे. आजार आहे म्हणून नाकारायचं नाही, त्यासाठी जास्त पैसे घ्यायचे नाहीत. आपल्याकडे मेडिक्लेममध्ये आधीच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, इथे तो नाही, पहिल्या दिवसापासून कव्हर. आम्ही फॉर्म भरत होतो तेव्हा नवरा सारखा विचारत होता, शुगरचं कुठे लिहायचं? कुठेच नाही. तो प्रश्नच नाही फॉर्ममध्ये. किंमत ठरते ती वय, राहायची जागा, घरातली किती माणसं घेताय, कुठला प्लॅन, आणि बहुतेक राज्यांत तंबाखू ओढता का, यावर.

टेक्साससारख्या राज्यांत राहत असाल तर केंद्राची साइट, न्यू जर्सीत राज्याची स्वतःची, गेट कव्हर्ड न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया. सुरुवात मात्र हेल्थकेअर डॉट गव्हवरूनच करा, तिथे राज्य निवडलं की ती साइटच तुम्हाला योग्य जागी पाठवते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मी गूगलवर शोधून जो पहिला दुवा दिसला तिथे नाव, फोन नंबर सगळं टाकलं, साइट अगदी सरकारी दिसत होती, निळा-पांढरा रंग, झेंडा. पुढचे तीन आठवडे दिवसाला चाळीस-चाळीस फोन. एकजण तर इतका गोड बोलत होता, कार्ड नंबर द्या, आजपासून कव्हर सुरू. मी विचारलं शुगर कव्हर आहे का, तर तो दुसरंच बोलायला लागला. तो इन्शुरन्स नव्हताच, डिस्काउंट कार्ड होतं. खरा प्लॅन असला तर आधीचा आजार कव्हर आहे का या प्रश्नाला एका शब्दात हो असं उत्तर येतं.

आता घड्याळाकडे या.

एच-वनवाल्याची, म्हणजे कंपनीच्या वर्क व्हिसावर आलेल्याची, नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे आपल्याला पाठ असतं, घरात कॅलेंडरवर खुणा होतात. पण त्याच वेळी आणखी दोन घड्याळं चालू होतात ती कोणी बघत नाही. इन्शुरन्स संपला त्या दिवसापासून मार्केटप्लेसमध्ये यायला साठ दिवस. आणि कोब्रा घ्यायचं की नाही ते ठरवायलाही साठ दिवस. एरवी मार्केटप्लेस १ नोव्हेंबरला उघडतं आणि हिवाळ्यात बंद होतं, न्यू जर्सीत २०२६ च्या प्लॅनसाठी ३१ जानेवारीला झालं. मधे वर्षभर दार बंद. नोकरी जाणं, लग्न, बाळ होणं, दुसऱ्या राज्यात जाणं, असं काही घडलं तरच मधे उघडतं आणि ते साठ दिवसांपुरतं.

आमचं नेमकं काय झालं ते तारखांसकट सांगते. २० जानेवारीला नोकरी गेली. कंपनीचा इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंत, म्हणजे ३१ जानेवारी. मार्केटप्लेसला इन्शुरन्स संपायच्या आधीसुद्धा अर्ज करता येतो, हे आम्हाला माहीत असतं तर जानेवारीतच प्लॅन निवडून १ फेब्रुवारीपासून कव्हर सुरू झालं असतं. आम्ही ते अकरा दिवस कोब्राच्या पत्राची वाट बघण्यात घालवले. अर्ज भरला ९ फेब्रुवारीला, कव्हर सुरू झालं १ मार्चपासून. अख्खा फेब्रुवारी उघडे.

त्या महिन्यात मात्र कोब्राचाच आधार होता, आणि तोही एक पैसा न भरता. साठ दिवसांच्या आत कधीही हो म्हटलं आणि मागचे हप्ते भरले तर कोब्रा मागच्या तारखेपासून लागू होतं. म्हणजे फेब्रुवारीत हॉस्पिटलची वेळ आली असती तर तेव्हा सही करून पैसे भरले असते. आली नाही. एक रात्र मुलीला ताप चढला १०३, मी ते पत्र उशाशी घेऊन बसले होते, पहाटे उतरला. एक धोका मात्र लक्षात घ्या, कोब्रा घेतलं, साठ दिवस उलटून गेले आणि मग महाग पडतंय म्हणून स्वतःच सोडलं, तर मार्केटप्लेसचं दार त्या कारणाने उघडत नाही, थेट नोव्हेंबरची वाट बघायची.

आता पैशांची मदत. हा भाग सगळ्यात किचकट आहे, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो किंवा जातो. प्लॅनना धातूंची नावं आहेत, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ब्राँझमध्ये सरासरी साठ टक्के खर्च कंपनी उचलते, सिल्व्हरमध्ये सत्तर, मग ऐंशी, नव्वद. मदत ठरवताना सरकार तुमच्या भागातला सगळ्यात स्वस्त नाही, तर त्याच्या वरचा, दोन नंबरचा सिल्व्हर प्लॅन धरतं. समजा त्याची किंमत हजार डॉलर आणि तुमच्या उत्पन्नाच्या हिशोबाने तुम्ही चारशे भरायला हवेत, तर सहाशे सरकार देतं. ते सहाशे तुम्ही ब्राँझलाही लावू शकता, गोल्डलाही. याला टॅक्स क्रेडिट म्हणतात, पण टॅक्स भरायच्या एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही, दर महिन्याला परस्पर कंपनीला जातं.

आणखी एक मदत आहे जी फक्त सिल्व्हरवर मिळते आणि लोक ती हातची घालवतात. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीच्या आत असेल, २०२६ च्या हिशोबात एकट्या माणसाला ३९,१२५ डॉलर, तर सिल्व्हरचा डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने द्यायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम, आणि कोपे, म्हणजे दर वेळी डॉक्टरकडे द्यायचा ठरावीक वाटा, हेसुद्धा कमी होतात. उत्पन्न अगदी कमी असलं तर तो सिल्व्हर चक्क प्लॅटिनमपेक्षा चांगला पडतो. पण लोक बघतात ब्राँझचा हप्ता शून्य आहे, घेतात, आणि पहिल्या एमआरआयला कळतं की डिडक्टिबल सात हजार आहे. मला याचं खरंच फार वाईट वाटतं, कारण साइटवर ते लिहिलेलं असतं पण ज्याच्या डोक्यात नोकरीचं टेन्शन आहे तो किती वाचणार.

आमच्या अर्जात मुलीचं नाव वेगळीकडेच गेलं, न्यू जर्सी फॅमिलीकेअर म्हणून राज्याची योजना आहे तिकडे, कारण ती योजना चालू महिन्याचं उत्पन्न बघते आणि आमचं ते शून्य होतं. मी घाबरले, वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. तिचा खर्च शून्य आणि आमच्या दोघांचा सिल्व्हर महिन्याला अडीचशे डॉलरच्या आत. २,१०० च्या जागी अडीचशे.

पण मार्केटप्लेस महिन्याचं नाही, अख्ख्या वर्षाचं उत्पन्न विचारतं, आणि वर्ष तर पुढे असतं. आम्ही अंदाजे साठ हजार लिहिलं. पंचावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीने नवऱ्याच्या व्हिसाचं पिटिशन फाइल केलं, ३ एप्रिलला तो जॉइन झाला, मेपासून त्यांचा इन्शुरन्स. आम्ही मार्केटप्लेसला कळवलं ते एप्रिलच्या शेवटी. वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आसपास गेलं आणि पुढच्या वर्षी टॅक्स भरताना दोन महिन्यांच्या मदतीतले जवळपास हजार डॉलर परत द्यावे लागले. हा हिशोब १०९५-ए नावाच्या फॉर्मवरून होतो, तो जानेवारीत येतो, जपून ठेवा. तक्रार नाही माझी, हिशोब बरोबरच होता. पण नोकरी मिळाल्या दिवशीच साइटवर जाऊन आकडा बदलला असता तर तो धक्का कमी बसला असता.

आता २०२६. आमच्या वेळी जी वाढीव मदत होती ती कोविडमध्ये, २०२१ ला आली होती. कितीही कमवा, त्या दोन नंबरच्या सिल्व्हरसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागणार नाही, असा तो नियम. २०२५ च्या डिसेंबरअखेर तो संपला. याच मुद्द्यावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून त्रेचाळीस दिवस केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं, तरी त्यातून तो वाढला नाही. म्हणजे आता जुनी रेषा परत आली, दारिद्र्यरेषेच्या चौपट. एकट्याला ६२,६००, चौघांच्या घराला १,२८,६००. त्याच्या एक डॉलर वर गेलात की केंद्राची मदत शून्य. न्यू जर्सी स्वतःच्या पैशातून सहापटीपर्यंत थोडी मदत देतं, सगळी राज्यं देत नाहीत. आणि अंदाज चुकला तर परत किती घ्यायचं यावर कमी उत्पन्नवाल्यांना जी मर्यादा होती, ती ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून काढून टाकली. जास्त घेतलं असेल तर ते जास्तीचं सगळंच परत.

त्याच कायद्यात आपल्या आईवडिलांचा विषय आहे. टुरिस्ट व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणाऱ्यांचा इथे प्रश्न नाही, ते इथले रहिवासी नसतात, त्यांना व्हिजिटर इन्शुरन्सच घ्यावा लागतो. पण ग्रीन कार्डवर आलेले आईबाबा, वय पासष्टच्या वर, इथे कधी काम नाही केलेलं, त्यांना सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, विकतही घेता येत नाही, मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सलाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट. मधल्या पाच वर्षांत मार्केटप्लेस हाच आसरा. आधी त्यांचं उत्पन्न अगदी नगण्य असलं तरी क्रेडिट मिळायचं, खास त्यांच्यासारख्यांसाठीच तशी तरतूद होती. २०२६ पासून ती गेली. मुलगा किंवा मुलगी त्यांना टॅक्समध्ये अवलंबून दाखवत असेल तर मुलांचं उत्पन्न धरलं जातं, आणि ते दारिद्र्यरेषा आणि तिची चौपट यांच्या मधे बसलं तर अजूनही मदत मिळू शकते. प्रत्येक घराचा हिशोब वेगळा, म्हणून नेव्हिगेटर नावाची माणसं असतात, प्रशिक्षण घेतलेली, एक पैसा घेत नाहीत, त्यांच्यासमोर कागद मांडा. ज्येष्ठांना हप्ता तरुणापेक्षा तिपटीपर्यंत लागू शकतो, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी हा आकडा काढा. नाहीतर बाबा येतात, आठवड्याभरात छातीत दुखायला लागतं, आणि सगळं घर हवालदिल होतं.

आणि एच-वन, एच-फोर. १ जानेवारी २०२७ पासून केंद्राचं टॅक्स क्रेडिट सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि इतर एक-दोन ठरावीक गटांनाच. आम्ही मार्केटप्लेसमधून प्लॅन घेऊ शकू, पण पूर्ण किमतीला. २०२३ मध्ये ज्या अडीचशे डॉलरच्या हप्त्याने आम्हाला तारलं तो २०२७ पासून आमच्यासारख्या कुटुंबाला मिळणार नाही. नवरा इथे बारा वर्षं टॅक्स भरतोय. हे मला पटत नाही आणि मी ते लपवणारही नाही.

ग्रीन कार्डच्या रांगेत आमची तारीख २०१७ ची आहे. १ जानेवारी २०२७ ला आम्ही रांगेतच असणार, त्यामुळे गेल्या दिवाळीपासून एक वेगळं सेव्हिंग अकाउंट उघडलंय, दर पगाराला थोडे थोडे टाकतो, सहा महिन्यांच्या हप्त्याइतके झाले की थांबणार. बँकेच्या ॲपमध्ये अकाउंटला नाव द्यायची सोय आहे. मुलगी आता आठ वर्षांची झालीये, तिने विचारलं याचं नाव कोब्रा का ठेवलंय, आणि मग मी हे पत्र ड्रॉवरमधून काढून तिला दाखवलं.